शकुबाईची काळी चार

पोस्टरवर तिचं नाव शेवटपर्यंत 'कु. चंचल' असंच छापून यायचं. पन्नाशी उलटली, दाढा गेल्या, गुडघ्याला तेल चोळल्याशिवाय बाई स्टेजची शिडी चढत नव्हती, पण पोस्टरवर कुमारी ती कुमारीच. रामाजी म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा मालक. त्याला मी एकदा म्हटलं, "अबे, आता तरी ते 'कु.' काढ." तर म्हणाला, "काढतो न भाऊ. मंग काय टाकू, श्रीमती? श्रीमती कोनाची?" खरंच, कोणाची?

तिचं घरचं नाव शकुबाई उईके. आणि मी चंद्रभान, कंपनीचा प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर कोणाला दिसत नाही. पडद्याच्या आड बसायचं, एका हातात टॉर्च, मांडीवर नाटकाचे कागद, आणि नट अडखळला की हळूच शब्द पुरवायचा. लोकांना वाटतं, वा, काय पाठांतर! कसलं डोंबलाचं पाठांतर. अर्ध्या विदर्भातले राजे आणि पाटील माझ्या तोंडचा घास खाऊन मोठे झालेत, आणि एकानं कधी चहा पाजला नाही. जन्मभर ती पुस्तकी मराठी फुसफुसत राहिलो, त्यामुळं माझी बोलीसुद्धा बिघडली. बायको म्हणते, "तुमी घरात राह्यता का नाटकात?" तिलाही मी शुद्ध मराठीतच उत्तर देतो, मग ती आणखी चिडते.

आमची कंपनी हिंगणघाटची. दिवाळी झाली की गाडी निघायची, ती होळीपर्यंत गावोगाव फिरायची. इकडे वडनेर, समुद्रपूर, तिकडे पार चंद्रपूरच्या पलीकडे झाडीपट्टीपर्यंत. नाटक सगळं संगीत. गाणं नटानं स्वतः, तिथंच, माईकसमोर म्हणायचं. मागून रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवले तर आमचे प्रेक्षक स्टेजवर चढतील. स्टेजच्या खाली, अगदी नटाच्या पायापाशी, ऑर्गनवाला, म्हणजे आमचा पेटीवाला, आणि तबलजी बसतात. त्यांचं तोंड स्टेजकडे आणि पाठ लोकांकडे.

शकुबाई आली आर्वीकडच्या एका गोंडांच्या पाड्यावरून. बाप जंगू जंगलखात्यात मजुरीला जायचा. घरी सगळे गोंडीत बोलायचे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कुठंतरी ही पोरगी गाताना रामाजीच्या बापानं ऐकली आणि कंपनीत घेऊन आला. तेव्हा ती सोळा-सतराची असेल. मराठी तोडकंमोडकं, अक्षरओळख नाही. रामाजीच्या बापानं मला बोलावलं आणि म्हणाला, "चंद्रभान, हिले तू वाचून दाखव." मी म्हटलं झालं, आता ही मला रडवणार.

कसली रडवते! मी एकदा वाचायचो, ती डोळे मिटून ऐकायची, आणि दुसऱ्यांदा तीच मला म्हणून दाखवायची. माझा श्वास जिथं थांबला तिथंच तिचाही थांबायचा. एखाद दिवशी मी गंमत म्हणून एक शब्द बदलून वाचला, तर लगेच, "भाऊ, काल तुमी येगळं म्हनलं होतं." तिला वाचता येत नव्हतं म्हणूनच की काय, तिच्या कानातून काही सुटत नव्हतं. या कंपनीत प्रॉम्प्टर ज्या एका माणसाला कधी लागला नाही, ती शकुबाई. मला तिचा राग यायचा थोडा. माझं कामच राहत नव्हतं ना.

आणि गळा! तिची पट्टी काळी चार. म्हणजे ऑर्गनवरची चौथी काळी पट्टी, तिथून तिचा सा. बायकांनाही ती पट्टी सोपी नाही. आमच्या नाटकात आईचं एक गाणं होतं, "उंबऱ्याबाहेर ठेव मला, दिवा तेवढा विझवू नको." त्यातला 'दिवा' ती इतका वर नेऊन ठेवायची की मागं शेंगा फोडणारे लोकसुद्धा हात थांबवायचे. वन्स मोअर तर ठरलेला. वीस वर्षांची असताना ती हे आईचं गाणं गायची, आणि चाळीस वर्षांचा नट तिचा मुलगा व्हायचा. नाटकात सगळं चालतं.

आता एक रिवाज सांगतो. ज्या गावी नाटक, त्या गावच्या घरोघरी पाहुणे येतात. लेकी-जावई, व्याही, सगळे. आणि त्या निमित्तानं मुलीही दाखवून होतात. कित्येक लग्नं आमच्या नाटकाच्या दिवशी जमली आहेत. नटमंडळींचं जेवण त्याच घरांमधून असतं. तर एकदा शकुबाई अशीच एका घरी स्वयंपाकघरात जेवायला बसली होती. तोंडाला रंग नाही, साधं पातळ. नवऱ्या मुलाची आई पाणी प्यायला आत आली, हिला पाहिलं आणि तिला वाटलं हीच ती मुलगी. शेजारी बसली, हनुवटी वर केली, दात पाहिले, सैपाक येतो का विचारलं. आणि शकुबाईनं सांगितलं काय? "येते." बाईनं पसंती देऊन टाकली! मग बाहेर गोंधळ उडाला, कोणीतरी सांगितलं की अहो ती नाटकातली आहे. ती बाई पुन्हा आत आली नाही. आम्ही गाडीत महिनाभर शकुबाईला चिडवलं, "काय मग सूनबाई, सैपाक येते?" तीही हसायची. एकदा मात्र मी एकटा असताना म्हणाली, "भाऊ, त्या बाईचा हात लय नरम होता." मी पुन्हा चिडवलं नाही.

होळी झाली की कंपनी बंद. तेव्हा ती सुरुवातीला पाड्यावर जायची. बाप गेल्यावर जाणं कमी झालं. भावजय वाईट नव्हती, पण हिच्या तोंडची गोंडी ऐकून पोरं हसायची. म्हणे आत्या आमच्याशी पण नाटक करून राह्यली. इतकी वर्षं माझं मराठी घोटून घोटून तिच्या गोंडीलाही नाटकाचा हेल लागला होता. मग तिनं हिंगणघाटला एक खोली घेतली. आठ महिने ती त्या खोलीत काय करायची, मला माहीत नाही. मी कधी गेलो तर दार उघडायला वेळ लागायचा नाही, म्हणजे दाराजवळच बसलेली असायची.

आता कवडू मास्तर. वडनेरचा. बौद्ध वस्तीतलं घर, थोडं वावर, आणि ऑर्गनवर असा हात की विचारू नका. जयंतीच्या मिरवणुकीत त्याची पेटी नसली तर वडनेरच्या लोकांना जयंती झाल्यासारखी वाटायची नाही. बोलायला मात्र महाकंजूस. संध्याकाळी गाडीतून उतरला की गोंडांच्या रीतीनं "जयसेवा, बाई" म्हणायचा, शकुबाई "जयभीम, मास्तर" म्हणायची, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दोघांत जे काय बोलणं व्हायचं ते सुरातच. सीझनच्या पहिल्या दिवशी तेवढं तो विचारायचा, "बाई, पट्टी?" ती म्हणायची, "काळी चार. दुसरी कोनती?" त्याची बायको कमलाबाई घरी, शेतात राबणारी. कोणाला वाटेल तसलं काही या दोघांत नव्हतं. मी विंगेतून सगळ्यांचं सगळं पाहिलेलं आहे, माझ्यापासून काही लपत नाही. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

समुद्रपूरच्या प्रयोगाला ते झालं. दहा-अकरा वर्षं झाली असतील. 'दिवा' वर जायला लागला आणि मध्येच फाटला. जुनं लुगडं फाटावं तसा. पहिल्यांदाच. लोकांत कुजबुज. शकुबाईनं गाणं थांबवलं, माईक जवळ ओढला आणि खाली कवडूकडे बोट दाखवून म्हणाली, "मायबापहो, माफ करा. पेटी बेसूर हाय."

लोक हसले. बेसूर पेटी हा विनोदच ना! कवडू जागेवरून उठला, लोकांकडे वळून हात जोडले आणि पुन्हा बसला. मी विंगेत बसून म्हणत होतो, अरे बोल ना बाबा, दगडा, काहीतरी बोल. रामाजीनं त्या साली त्याला घरी बसवलं. दुसरा कोणी आणला, तो सुरात कमी आणि दारूत जास्त. पुढच्या दिवाळीला रामाजी स्वतः वडनेरला जाऊन कवडूला परत घेऊन आला.

पण नाव पडायचं ते पडलंच. गावात कवडूला 'बेसूर मास्तर' म्हणायला लागले. कोणी दुष्टपणानं नाही, गमतीनं. जयंतीला पोट्टे विचारायचे, "मास्तर, आज पेटी सुरात हाय ना?" तो हसायचा. गावाची गंमत ही अशी चीज आहे की ज्याची होते त्यालाही हसावं लागतं.

परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यानं नेहमीसारखं विचारलं, "बाई, पट्टी?" "काळी चार," शकुबाई म्हणाली. कवडूनं मान डोलावली आणि बोट ठेवलं पांढरी पाचवर. एक घर खाली! तबलजीनं माझ्याकडे पाहिलं, मी तबलजीकडे पाहिलं. शकुबाई वर स्टेजवर, तिला पट्ट्या दिसत नाहीत. गाणं सुरू झालं आणि 'दिवा' बिनबोभाट जागेवर जाऊन बसला.

पुढं दोन-तीन सीझननंतर पांढरी पाचची काळी तीन झाली. आणखी काही वर्षांनी पांढरी चार. दर वर्षी ती ऐटीत सांगायची काळी चार, आणि दर वर्षी मास्तर तिला हळूच खाली उतरवून घ्यायचा. सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. फक्त तिला नाही, असं आम्ही समजत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती आम्ही सगळ्यांनी मिळून झाकली.

एकदा मी कवडूला टपरीवर गाठलं. म्हटलं, "मास्तर, तिनं तुमचं नाव घालवलं आणि तुम्ही तिचं सांभाळता. काऊन?" त्यानं चहाची बशी खाली ठेवली. म्हणाला, "म्हातारं मानूस जेवाले बसताना आपन पाट सरकवतो का नाई, भाऊ? तं त्याले सांगतो का, तुमी म्हातारे झाले म्हून सरकवला?" एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात कवडू गेला. विहारात वर्षावासाचं वाचन चाललं होतं, तिथून घरी आला, छातीत दुखतं म्हणाला आणि संपलं. जलदानाच्या कार्यक्रमाला मी आणि शकुबाई एसटीनं वडनेरला गेलो. ती मागं, बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली. पांढरं पातळ नेसून आली होती. वंदना झाली, कोणी कोणी बोललं. जेवणाच्या वेळी दोन माणसं आमच्या बाजूला हात धुवत होती. एक म्हणाला, "बेसूर मास्तर लय चांगला मानूस होता बापा." दुसरा म्हणाला, "हो ना. पेटी काई जमली नाई बिचाऱ्याले, पन मानूस चांगला." शकुबाईच्या हातात पत्रावळ होती. ती तिनं तशीच ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाली, "भाऊ, तुमी बोलू नका."

दिवाळी आली. रामाजीनं नागपूरहून ऑर्केस्ट्रातला मोतीलाल आणला. तिशीचा, चुणचुणीत, कीबोर्ड घेऊन. शकुबाईनं रामाजीपाशी एकच हट्ट धरला की पहिला प्रयोग वडनेरलाच लावायचा. इतक्या वर्षांत तिनं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून त्यानं लावला. आम्हाला वाटलं, मास्तरची आठवण म्हणून असेल.

वडनेरला दुपारी स्टेज बांधून झालं. मोतीलाल तारा जोडत होता. विचारलं, "ताई, कोणत्या पट्टीत?"

"काळी चार."

मी पुढं झालो. या पोराला बाजूला घेऊन कानात सांगणं भाग होतं, बाबा, ती काहीही म्हणो, तू पांढरी चार दे. पण शकुबाईनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"चंद्रभानभाऊ, तुमी तुमच्या जागी जाऊन बसा."

"अहो बाई, पण मला त्याच्याशी जरा..."

"बसा म्हनलं ना."

याआधी तिनं मला असं कधी दटावलं नव्हतं. मी जाऊन बसलो. मनात म्हटलं, संपलं. आज ही बाई वडनेरच्या चौकात उघडी पडणार, आणि तिचं उरलंसुरलं सगळं या एका गाण्यात जाणार. कारण शकुबाईला दुसरं होतं काय? घर नाही, माणूस नाही, पोर नाही. पोस्टरवर चार अक्षरं होती, आणि ती या गळ्यावर उभी होती.

नऊला पडदा उघडला. माणूस मावत नव्हता. बायकांच्या बाजूला पुढंच कमलाबाई बसलेल्या मला दिसल्या. पहिल्या अंकात ते गाणं आलं. मोतीलालनं इमानदारीनं खरी काळी चार दिली. शकुबाईनं 'उंबऱ्याबाहेर' कसंबसं उचललं, आणि 'दिवा' फाटला. समुद्रपूरपेक्षा वाईट. पोट्ट्यांनी शिट्या मारल्या. मागून एक जण ओरडला, "पेटीवाल्या, सूर दे बे!" आणि दुसरा, "बेसूर मास्तरचा भाऊ आनला वाट्टे!" त्यावर तर मंडपभर हशा. मी कमलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडापाशी धरला होता.

रामाजी धावत विंगेत आला. गरीब स्वभावाचा माणूस, पण पहिला प्रयोग पडला की मालकाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. "बाई, तुमी फक्त माईकवर सांगा का पेटी बेसूर हाय. याले आत्ताच गाडीत बसवतो नागपूरच्या." खाली मोतीलाल पांढराफटक. "ताई, मी काळी चारच दिली हो. देवाशपथ." बिचारा त्याच्या पट्ट्या तिला दाखवत होता, तिला त्या दिसत नव्हत्या तरी.

शकुबाईनं माईक जवळ ओढला. माझ्या मांडीवरच्या कागदांत पुढं काय आहे ते मला ठाऊक होतं. पण आता ती जे बोलणार होती ते माझ्याजवळ लिहिलेलं नव्हतं.

"मायबापहो, जरा थांबा. या पोराची पेटी बरोबर हाय. माहा आवाज फाटला. आज नाई फाटला, समुद्रपूरलेच फाटला होता, लय वर्सं झाले. तवा मी तुमच्या कवडू मास्तरच्या पेटीले बेसूर म्हनलं. पेटी बेसूर नव्हती. बेसूर मी होती. मले त्याच घडीले समजलं होतं. समजूनच मी खोटं बोलली. मंग मास्तर मले खालच्या पट्टीत गावाले लावत, अन् मी तोंडानं काळी चार, काळी चार म्हनत राह्यली. तेही मले समजे. त्यायले तुमी बेसूर मास्तर म्हनता. आता नका म्हनू. म्हनाचं असन तं मले म्हना."

समजे! अरे गाढवा चंद्रभान! जिला माझ्या वाचनातला एक बदललेला शब्द कळत होता, तिला आपल्याच सुराचं एक घर खाली गेलेलं कळणार नाही? इतकी वर्षं आम्ही शहाणे तिच्यापासून लपवत होतो, आणि ती ते लपवणं ऐकत उभी होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे तर सगळेच करतात. पण त्या अंगणात त्यानंतर रोज येऊन नाचायचं, आणि झाडणारा माणूस समोर बसलेला! कसं झालं असेल तिचं? मी विंगेत बसून रडलो. टॉर्च विझवली आणि रडलो, लाज कसली.

शेवटी पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बरं बाई. झालं ते झालं. आता नाटक तं करा." शकुबाई वाकून मोतीलालला म्हणाली, "पांढरी चार दे, भाऊ." आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. चांगली गायली. वन्स मोअर कोणी म्हटलं नाही.

पुढचं इथंच सांगून टाकतो. रामाजीनं तो सीझन तिला बिनगाण्याची कामं दिली आणि या दिवाळीला गाडी तिच्या खोलीपाशी थांबली नाही. त्याला मी शिव्या दिल्या, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. जी नटी माईकवरून सांगते की माझा गळा फाटला, तिच्या नावावर कोणतं गाव नाटक ठेवणार? वडनेरचे लोक मात्र आता 'कवडू मास्तर' म्हणतात. मी मुद्दाम दोघा-तिघांना विचारून खात्री केली.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कमलाबाईंकडे गेलो. वाटेत मी तिला झापलंच. म्हटलं, "बाई, त्या पोराला काळी चार मुद्दाम सांगितली ना तुम्ही?"

"हो. मले पाहाचं होतं, लोक कोनाले धरते. पुन्हा पेटीवाल्यालेच धरलं."

"आणि माहीत होतं तर सरळ उभं राहून सांगायचं होतं. फजिती कशाला करून घेतली?"

"फजिती झाल्याबिगर माह्यं तोंड उघडलं नसतं, भाऊ. मी मले ओळखून हाय."

कमलाबाईंनी ओसरीत चटई टाकली. भिंतीवर कवडूचा फोटो होता, खाली कोपऱ्यात त्याची पायपेटी, वर चादर पांघरलेली. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला, कप आमच्या हातात दिले आणि समोर बसल्या. बाई शांत होत्या. माझ्यासारखा माणूस असता तर आल्या आल्या पायाच पडायला लावलं असतं.

"काल लोकायले सांगतलं," कमलाबाई म्हणाल्या. "बरं केलं."

शकुबाई मान खाली घालून बसली होती.

"पन बाई, लोकायचं काय घेऊन बसल्या? ते चटई उचलून घरी जाते. ज्या साली आमच्या यायले घरी बसवलं ना, त्या साली हे रोज इथं पेटी उघडून बसत. मले म्हनत, कमले, ऐक बरं, खरंच उतरली का पेटी? मी काय सांगू? मले काय समजते त्यातलं? मंग नागपूरले नेली दुरुस्तीले. त्या कारागिरानं सांगतलं, मास्तर, पेटीले काईच झालं नाई. तरी यायचा भरोसा बसे ना. मले म्हने, मंग माहा कानच गेला असन. पेटीवाल्या मानसाले आपल्या कानाचा भरोसा राह्यला नाई, बाई, एक साल. अन् नंतर इतकी वर्सं हे तुमच्या पायापाशी बसून होते. लोकायले नसतं सांगतलं तरी चाललं असतं. यायले सांगाचं होतं."

हे मला नवीन होतं. मी समजत होतो कवडूला पहिल्या क्षणापासून ठाऊक असेल. मी कप तसाच खाली ठेवला.

"दर दिवाळीले ठरवत होती," शकुबाई म्हणाली. "या साली सांगीन."

"मंग?"

ती तिथंच अडली. मला सवय, माणूस अडला की शब्द द्यायची. ओठांपर्यंत आलंही होतं काहीतरी, भीती वाटली असेल, लाज वाटली असेल. पण मी गप्प बसलो.

"मास्तर पट्टी खाली घेत," ती म्हणाली, "अन् कोनाले सांगत नाई. मले वाटे, या दुनियेत कोनीतरी एक हाय माह्यं, जे माह्यासाठी काईतरी झाकून ठेवते. मी सांगतलं असतं तं ते सरलं असतं. मले दुसरं काई नव्हतं, बाई."

कमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कवडूच्या फोटोकडे पाहिलं. मग उठल्या, आमचे कप उचलले, माझा अर्धा भरलेला होता तोही, आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, थोड्या वेळानं तोही थांबला. आम्ही वाट पाहिली. शकुबाई दाराकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. कमलाबाई बाहेर आल्या नाहीत. मग मीच म्हटलं, "चला, बाई," आणि आम्ही एसटी स्टँडकडे निघालो.